जपानची शरणागती आणि अणुबाँब

पैनगंगेच्या दक्षिणेचा कोरपना-राजुऱ्याचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. राजा नभोवाणीवरून बोलला आणि लढाई थांबली, ही गोष्ट त्या मुलुखाने प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेस निजामाने नभोवाणीवरून शस्त्रसंधी जाहीर केली. फौजा राजधानीजवळ येऊन ठेपल्या म्हणून निजाम बोलला, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नव्हती. परंतु त्यापूर्वी तीन वर्षे, 15 ऑगस्ट 1945 रोजी, जपानचा सम्राट हिरोहितो नभोवाणीवरून बोलला, तेव्हा त्याला कशाने बोलते केले, याविषयीचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

जपानी प्रजेने सम्राटाचा आवाज त्यापूर्वी कधी ऐकलेलाच नव्हता. भाषण आदल्या रात्री तबकडीवर मुद्रित करून राजवाड्यात लपवून ठेवले होते. आणि शरणागती मान्य नसलेल्या काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून त्या तबकड्यांचा रात्रभर शोध चालविला होता. त्या त्यांच्या हाती लागल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. एवढे मात्र दिसते की, हिरोशिमा व नागासाकी ही दोन शहरे भस्मसात झाल्यानंतरही लढत राहण्याची हाव असणारी माणसे तेथे होती. बाँबचे समर्थन करणारे याच गोष्टीवर बोट ठेवतात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. 1 नोव्हेंबर 1945 रोजी क्यूशू बेटावर अमेरिकन फौजा उतरावयाच्या होत्या. ओकिनावा बेटासाठी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत सुमारे बारा हजार अमेरिकन आणि लाखाच्या वर जपानी सैनिक मेले होते, नागरिक वेगळेच. मग खुद्द जपानच्या भूमीवर किती मेले असते? अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी 1947 साली लिहिले की, केवळ अमेरिकन सैन्याचीच हानी दहा लाखांवर गेली असती. मात्र जून 1945 मधील लष्करी नियोजकांच्या एका कागदात मृतांचा अंदाज चाळीस हजारांच्या आसपास होता. युद्ध संपल्यावर आकडे वाढत जावेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तथापि आकडा लहान असला म्हणून मरणाऱ्याचे मरण लहान होत नाही. आपल्याकडील पलटणींचेच पाहा. मलायाच्या मोरिब किनाऱ्यावर हिंदी फौजा उतरविण्याचा बेत ठरलेला होता. त्या 9 सप्टेंबरला उतरल्याही. परंतु तोवर जपान शरण आला होता. किनाऱ्यावरील मऊ वाळूत गाड्या रुतून बसल्या. समोरून गोळीबार होत असता तर त्या वाळूत किती शिपाई राहिले असते, हे त्या शिपायांनाच ठाऊक. युद्ध संपले म्हणून त्यांच्या घरी दिवा लागला असेल, तर त्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी अंमलाखाली माणसे रोज मरत होती. नुसते थांबून राहण्यालाही रक्ताची किंमत होतीच.

हे सर्व मान्य केले, तरी आवश्यक म्हणजे काय? ज्यावाचून कार्य होतच नाही, ते आवश्यक. येथे समर्थक मंडळी दोनच वाटा दाखवितात: बाँब किंवा क्यूशूवरील स्वारी. वस्तुतः वाटा आणखीही होत्या. जुलै महिन्यात जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो हे मॉस्कोतील आपल्या वकिलामार्फत रशियाची मध्यस्थी मागत होते, आणि त्या गुप्त तारा अमेरिकन वाचीत होते. बिनशर्त शरणागती हीच तहाच्या आड येणारी धोंड आहे, असा त्यांचा आशय होता. सम्राटाचे राजघराणे राहू देऊ, असे सुचविणारे एक वाक्य पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात होतेही. 26 जुलैस जाहीरनामा निघाला तेव्हा ते गाळलेले होते. शेवटी सिंहासन राहिलेच! जे पुढे द्यावयाचे, ते आधी देऊ करून पाहिले नाही, हा या इतिहासातील सर्वांत बोचणारा भाग आहे. नुसत्या त्या वाक्याने जपानी सेनापती वळले असते, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट रशियाची. 8 ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सैन्य मांचुरियात घुसले. मध्यस्थ म्हणून ज्याच्या दाराशी जावयाचे, तोच शत्रू झाला. सम्राटाचे दोन लेख यासंबंधी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. 15 ऑगस्टच्या भाषणात, जे प्रजेसाठी होते, नव्या व क्रूर बाँबचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. 17 ऑगस्टला सैनिकांना उद्देशून काढलेल्या फर्मानात रशियाचा उल्लेख आहे, बाँबचा नाही. प्रजेला एक कारण, सैन्याला दुसरे! दोन्हींचा भार तराजूत पडला होता, असे मानणेच सयुक्तिक. मग एकट्या बाँबला विजयाचे श्रेय देता येत नाही. अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या बाँबहल्ल्यांच्या पाहणी मंडळाने 1946 साली असा अभिप्राय दिला की, बाँब, रशिया व स्वारी यांपैकी काहीही नसते तरी वर्षअखेरच्या आत जपान शरण आला असता. तो अभिप्रायही अंदाजच आहे आणि त्यावर टीकाही झाली आहे.

बाँबच्या भयाने जग अहिंसेकडे वळेल, असे काही अमेरिकन मित्रांनी गांधीजींना सुचविले होते. 7 जुलै 1946 च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी ते नाकारले. अतिखाण्याने शिसारी येते, पण ती ओसरताच खादाड दुप्पट जोमाने ताटावर बसतो, असा त्यांचा आशय होता. जपानच्या दुष्कृत्यांचे समर्थन आपण करीत नाही, हेही त्यांनी बजावले.

हिरोशिमाविषयी दोन मते संभवतात. नागासाकीचे प्रकरण निराळे आहे. 25 जुलैच्या लेखी हुकुमात, पहिल्यानंतरचे बाँब तयार होतील तसतसे टाकावेत, असेच म्हटले होते. दुसऱ्या बाँबसाठी वेगळा विचार, वेगळी परवानगी नव्हती. तो 11 ऑगस्टला टाकावयाचा होता. हवा बिघडणार म्हणून 9 तारखेस टाकला. लक्ष्य होते कोकुरा. ते धुराने व ढगांनी झाकलेले होते, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. त्याच सकाळी टोकियोत युद्धमंडळाची बैठक चालू होती. सहा सभासदांपैकी तिघांना राजघराण्याच्या एकाच अटीवर तह हवा होता, तिघांना आणखी तीन अटी हव्या होत्या. नागासाकीची वार्ता बैठक चालू असतानाच आली. तीन विरुद्ध तीन ही विभागणी तशीच राहिली, आणि मध्यरात्रीनंतर सम्राटाने आपला कौल दिला. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ट्रूमन यांनी हुकूम सोडला की, यापुढे आपल्या स्पष्ट परवानगीवाचून तसला बाँब टाकू नये. नागासाकीत त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे मेली.