सोडा की व्हिनेगर?

कळंबसारख्या तालुक्याच्या गावात इन्व्हर्टरची बॅटरी सगळ्यांच्या ओळखीची. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला की कुणीही सांगतं, खाण्याचा सोडा पाण्यात कालवा आणि ब्रशने घासा. सल्ला बरोबर आहे. या बॅटरीत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. सोड्याने फेस येतो, ॲसिड मरतं.

आता माळ्यावरून १९९०च्या आसपासचा ‘३८६’ कॉम्प्युटर खाली काढा. मदरबोर्डवर अनेकदा सोल्डर केलेलं छोटं नळकांडं दिसतं. यंत्र बंद असताना तारीख-वेळ जपणारी ही निकेल-कॅडमियम बॅटरी. १.२ व्होल्टचे तीन सेल, म्हणून ३.६ व्होल्ट. तिशी उलटली की ती बहुधा गळते आणि शेजारचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतात. ‘बॅटरीतलं ॲसिड सांडलंय, सोडा लावा,’ असं दुरुस्तीवर लिहिणारे बिनदिक्कत लिहितात. पण इथे ॲसिड नसतंच! असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. सोडाही अल्कलीच, तो काय कामाचा? बॅटरी काढून आधी पातळ व्हिनेगर लावायचं, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल.

बॅटरीत ॲसिड आहे की अल्कली, हे कळतं ती बनवणाऱ्या कंपनीच्या डेटाशीटमधून. तेच वाक्य दहा ठिकाणी सापडलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. बरेचदा नऊ जणांनी पहिल्याचंच उतरवलेलं असतं.

अस्सल कागदही योग्य यंत्राचा हवा. ‘आयबीएम पीसी एटी’चं १९८४चं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल म्हणजे खजिनाच, सर्किटचे नकाशे आणि बायोसचा कोडसुद्धा त्यात छापलेला. पण त्या यंत्राची बॅटरी ६ व्होल्टची लिथियम होती. तिचा दाखला देऊन दुसऱ्याच कंपनीच्या ‘एटी’ छापाच्या बोर्डबद्दल लिहिलं, तर संदर्भ खरा आणि माहिती चुकीची, असा प्रकार होतो. म्हणून बोर्डचं मॉडेल, रिव्हिजन आणि बॅटरीवरची अक्षरं लेखात नोंदवावीत, असा माझा आग्रह असतो. कंटाळवाणं वाटलं तरी.

जुन्या बॅटरीच्या जागी सरळ ‘सीआर२०३२’ बसवा, हा आणखी एक लोकप्रिय सल्ला. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा हा ३ व्होल्टचा लिथियम सेल चार्ज करायचा नसतो, असं त्याच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. जुना बोर्ड मात्र निकेल-कॅडमियम समजून त्याला करंट देत राहतो. सेल फुगू किंवा फुटू नये म्हणून चार्जिंगचा रस्ता तोडावा लागतो, नाहीतर मध्ये डायोड टाकावा लागतो.