मिरीच्या मुळाशी राखण

वायनाड, कोडगू किंवा सिंधुदुर्गातल्या बागेत पोफळीवर चढलेला मिरीचा हिरवागार वेल ऐन पावसात बघता बघता पानं गाळतो आणि उभाच्या उभा वाळतो. ही जलद मर. ती आणणारा फायटोफ्थोरा बुरशी म्हणून ओळखला जातो. खरं तर तो तपकिरी समुद्रशेवाळांचा नातलग आहे, आणि म्हणूनच बुरशीवरची कित्येक औषधं त्याला बाधत नाहीत. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून पोहत मुळाशी येतात. वेल कोमेजलेला दिसतो तेव्हा बुंधा आतून कुजलेला असतो. तेव्हा धावपळ करून काय साधणार? राखण मुळाशीच हवी, आणि तीही पावसाआधी बसवलेली.

ही राखण करतात स्युडोमोनास फ्लुरोसन्स, बॅसिलस सबटिलिस यांसारखे जिवाणू. मुळातून पाझरणाऱ्या साखरेवर ते पोसतात, मुळाभोवती दाट वस्ती करतात आणि रोगाला जागाच उरू देत नाहीत. स्युडोमोनास मातीतलं लोह ओढून घेतो, प्रतिजैविकं सोडतो. त्याच्या काही जातींनी तयार केलेल्या साबणासारख्या द्रव्यांनी पोहणारे बीजाणू फुटतात. शिवाय या जिवाणूंच्या नुसत्या सहवासाने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण मुळाशी बसवलेल्या राखणीचा लाभ त्यामुळे पानांपर्यंत पोचतो.

मग बोर्डो मिश्रण काय वाईट, असं कुणी विचारेल. मुळीच वाईट नाही. 1885 च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत पुढे आलेलं हे मोरचूद-चुन्याचं द्रावण आजही पानं राखतं. पण कोकण-मलबारच्या पावसात ते धुपून जातं, आणि त्यातलं तांबं कुजून नाहीसं होत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठतं. तेच तांबं आपल्या जिवाणूंनाही मारक ठरतं. म्हणून मोरचूद पानांवर आणि जिवाणू मुळाशी, तेही काही दिवसांच्या अंतराने, अशी वाटणी करावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रयोगशाळेत जिंकणारे हे जिवाणू बागेत हरतात. हे पुष्कळदा खरंच घडतं. पण जिवाणूंची पुडी उन्हात पडून राहिली, आळ्यात पाणी तुंबलं, शेणखत पडलंच नाही किंवा वेल कुजल्यावर आळवणी झाली, तर त्यांनी जगावं कशावर आणि वाचवावं काय? बॅसिलस निदान टणक बीजाणूंच्या रूपात तग धरतो. स्युडोमोनासला तेवढीही सोय नाही. पुडीतले जिवाणू जिवंत राहण्याच्या याच अडचणीवर कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने त्यांना कॅप्सूलमध्ये भरण्याची पद्धत शोधली. तरी खरी सुरुवात रोपवाटिकेत व्हायला हवी. पिशवीतल्या मातीतच जिवाणू मिसळले, तर कोवळं मूळ पहिल्या दिवसापासून त्यांच्या सोबतीने वाढतं. लागवडीनंतर पावसाच्या तोंडाशी आणि पुन्हा पावसाळा सरताना आळवणी करून ही वस्ती टिकवता येते.