अंडी थांबल्यावरची कोंबडी

कळमनुरीच्या आसपासच्या खेड्यांत अंगणातली कोंबडी नवी नाही. अंडी थांबल्यावरही तिला पाहुण्यांच्या रश्श्यापासून वाचवणारं घर मात्र विरळाच!

नीट सांभाळली तर कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते. अंडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून घटत जातात. उरलेला काळ ती निव्वळ सोबत असते, आणि आपण समजतो तेवढी ती मठ्ठ नाही. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की कोणी कोणाला टोचायचं याची कळपात पक्की उतरंड असते. ती टिकायची तर प्रत्येकीला बाकीच्या ओळखता यायला हव्यात. तुरा आणि चेहरा पाहून त्या ओळखतातही. म्हणून नवी तलंग थेट कळपात सोडली की मारामारी ठरलेली. तिला आधी काही दिवस जाळीपलीकडे ठेवावं. एकटी कोंबडी तर पाळूच नये.

धुळीत लोळणं ही तिची अंघोळ. त्यानं पिसांतलं शिळं तेल निघतं, उवा कमी होतात. अंगणात फरशी असेल तर घमेलंभर कोरडी माती ठेवा.

लळा असला तरी सावधगिरी हवी. जानेवारी २०२१मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंब्याला बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या गेल्या. खुराडं झाडल्यावर साबणानं हात धुवा, मानमोडीची लस चुकवू नका, आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.