अंधारात जाणारा तोल

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला गिरण्यांच्या झांक्या निघतात. एका वर्षी शेजारचा एक बहिरा मुलगा आपल्या आईसह आमच्याबरोबर झांक्या पाहायला आला होता. दिव्यांच्या झगमगाटात तो नीट चालत होता. परतताना अंधाऱ्या बोळात मात्र भेलकांडू लागला. आई म्हणाली, "दीड वर्षाचा झाला तरी हा चालत नव्हता. मी ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणतात." पुढे तपासणीत त्याला उशर विकार असल्याचे निघाले. हा विकार म्हणजे काय, ते येथे थोडक्यात सांगतो.

अंतर्कर्णात श्रवणेंद्रियाला लागूनच तोलाचे इंद्रिय असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोके फिरल्याचे कळते. दोन इवल्या पिशव्यांतील कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. श्रवण असो वा तोल, संवेदना टिपतात त्या केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. हे तंतू नीट रचलेले ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे मायोसिन-७ए. त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यातील दोषाने उशर विकाराचा पहिला प्रकार उद्भवतो, हे १९९५ साली दाखविण्यात आले.

हेच प्रथिन डोळ्याच्या दृष्टिपटलालाही लागते. म्हणून असे मूल जन्मतः बहिरे असते, उशिरा चालते आणि पुढे त्याला रात्री कमी दिसू लागते. कानाची उणीव डोळे आणि पाय भरून काढतात. अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो आणि तोल जातो.

हा दोष अप्रभावी आहे. आईवडील दोघेही वाहक असले, तरी स्वतः निरोगी असतात. प्रत्येक अपत्याला मात्र विकाराची शक्यता चारांत एक. मामेबहिणीशी आपली सुमारे १/८ जनुके समान असतात, मामा आणि भाची यांच्यात १/४. आपल्या मराठी व कन्नड घरांतील नात्यातल्या लग्नांचा विचार या दृष्टीनेही व्हायला हवा. याउलट चौदाव्या गुणसूत्रावरील 'कॉच' जनुकाचा दोष प्रभावी असतो. तो एका पालकाकडून आला तरी पुरतो, आणि श्रवण व तोल प्रौढ वयात ढासळतात.

तेव्हा बहिरे मूल उशिरा चालू लागले, तर त्याचे डोळेही तपासून घ्यावेत. ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही. सदोष जनुक आईकडून आले तसे वडिलांकडूनही आले; अपराध मात्र कोणाचाच नाही.