धरण नदीवर, दुष्काळ समुद्रात

न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा कॉड मासा कमी का होतोय, याचं उत्तर अमेरिकेचे पहिले मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेयर्ड यांनी 1870च्या दशकातच दिलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, नद्यांवरचे बांध बघा. बांधांमुळे एलवाइफ हा छोटा मासा नदीत चढेनासा झाला आणि त्याच्यावर ताव मारायला किनाऱ्याला येणाऱ्या कॉडनंही येणं सोडलं. इतकी सरळ गोष्ट पुढे शंभर वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही. मेन राज्यातल्या नद्यांचा गेल्या दोन शतकांचा इतिहास बघताना मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

एलवाइफ हा हेरिंगच्या कुळातला, आपल्या तारलीच्या नात्यातला. वीतभराहून थोडा मोठा, चंदेरी, डोळे टपोरे, कल्ल्यामागे एक काळा ठिपका आणि पोटाच्या कडेला दातेरी खवले. जन्म गोड्या तळ्यात, वाढ समुद्रात. तीन-चार वर्षांचा झाला की वसंतात तो आपल्या जन्माच्या तळ्याकडे निघतो. एक मादी साधारण 60 हजार ते 1 लाख अंडी घालते. पॅसिफिकमधल्या सामनसारखा तो अंडी घातल्यावर मरत नाही. जगला-वाचला तर समुद्रात परततो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. बोटभर झालेली पिल्लं जुलैच्या मध्यापासून खाली उतरू लागतात.

ही चढण बघावी ती मेनमधल्या डॅमरिस्कॉटा मिल्स या गावी. गिरण्यांच्या बांधांनी वाट अडली, म्हणून गावानं 1807 साली दगडी पायऱ्यांचा जिना बांधला, तोही माशांसाठी. मे महिन्यात या जिन्याच्या प्रत्येक डबक्यात मासे अंगाला अंग लावून, तोंड प्रवाहाकडे करून दम खात थांबलेले असतात. मग एखादा उसळी मारून वरच्या डबक्यात जातो आणि त्याच्यामागून दहा-वीस. 42 फूट वर तळं आहे. आकाशात ऑस्प्रे आणि गरुड, काठावर सीगल, खाली खाडीत सील आणि पट्टेरी बास दबा धरून असतात. लॉब्स्टर पकडणारे कोळी वसंतातलं आमिष म्हणून हाच मासा नेतात. गावातल्या विधवांना त्यातला वाटा फुकट देण्याची रीतही इथे होती. समुद्रात कमावलेलं पोषण हा मासा आपल्या अंगावरून आतल्या तळ्यांपर्यंत पोचवतो. एका जातीच्या शिंपल्याची पिल्लं तर त्याच्याच कल्ल्यांना आणि परांना चिकटून वर जातात. मासा थांबला की शिंपलाही थांबतो.

सगळीच गावं इतकी समजूतदार नव्हती. ऑगस्टा इथे केनेबेक नदीवर 1837 साली एडवर्ड्स धरण झालं आणि वरची नदी समुद्राला मुकली. शेवटी शेवटी त्याची वीज होती जेमतेम साडेतीन मेगावॉट. 1997 साली अमेरिकेच्या संघीय ऊर्जा आयोगानं मालकाची इच्छा नसतानाही धरण काढण्याचा आदेश दिला. असं त्या देशात प्रथमच घडत होतं. 1 जुलै 1999 रोजी धरण फोडलं. 2008 साली उपनदी सेबॅस्टिकूकवरचं फोर्ट हॅलिफॅक्स धरणही गेलं. त्यानंतर जे झालं त्यावर विश्वास बसू नये. 2018 साली याच उपनदीवर बेंटनजवळ एका हंगामात 50 लाखांहून जास्त मासे वर गेले. त्यांच्यामागे पांढऱ्या डोक्याचे गरुड इतके जमू लागले की ती जागा ईशान्य अमेरिकेत गरुडांसाठी ओळखली जाऊ लागली.

याच काळात मेन आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्रॉय नदीवर अगदी उलट घडलं. तिथे हौशी गळवाल्यांच्या गोड्या पाण्यातल्या बासला एलवाइफमुळे धोका आहे असा गाईड मंडळींचा समज होता. त्यांच्या दबावापुढे मेनच्या विधिमंडळानं 1995 साली माशांच्या वाटा बंद करायचा कायदा केला. 1987 साली या नदीत 26 लाख मासे चढले होते. 2002 साली मोजले तेव्हा हजारही भरले नाहीत. बासची तक्रार अभ्यासात टिकली नाही, तरी वाटा पूर्ण खुल्या व्हायला 2013 उजाडलं. तिथल्या मूळनिवासी पासामाक्वोडी लोकांनी त्यासाठी सतत पाठपुरावा केला. या माशाला ते सगळ्यांना पोसणारा मानतात.

एलवाइफ त्रासदायक ठरला तोही माणसाच्याच करणीनं. वेलंड कालव्याच्या वाटेनं तो वरच्या महासरोवरांत शिरला आणि 1949 साली मिशिगन सरोवरात दिसला. तिथे त्याला खाणारा लेक ट्राउट, बेसुमार मासेमारीनं आणि लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या माशानं, आधीच संपत आला होता. त्यामुळे एलवाइफ बेसुमार वाढला आणि 1967 साली शिकागोच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले.

बेयर्डांचं म्हणणं पुन्हा उचललं ते टेड एम्स या मेनच्या कोळ्यानं. जुन्या कोळ्यांना विचारून त्यांनी किनाऱ्याजवळच्या कॉडच्या हरवलेल्या जागांचे नकाशे केले. त्या ओस का पडल्या हे शोधताना तेही एलवाइफच्या आटलेल्या नद्यांपाशीच येऊन पोचले. 2005 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्याकडे फरक्का बांध 1975 साली सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडला. तोही याच नात्यातला, म्हणून एम्स यांचं काम आपणही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कॉड मात्र नद्या मोकळ्या झाल्या म्हणून लगेच परतला नाही. अतिमासेमारी आणि तापत चाललेलं मेनचं आखात ही कारणं आहेतच. खोल समुद्रात हेरिंगच्या मोठ्या जाळ्यांमध्ये एलवाइफही सापडून मरतो. आणि खुद्द केनेबेकवर वॉटरव्हिल ते स्कोहेगन या टप्प्यात चार धरणं अजून उभी आहेत. वरच्या सँडी नदीत अंडी घालायला निघालेल्या अटलांटिक सामनला पहिल्याच धरणापाशी पकडून ट्रकनं वर न्यावं लागतं.