जमीन जनतेची, मग दर कुणाचा?

सरकारी जमीन म्हणजे जनतेची जमीन. ती धंद्यासाठी दिली, तर भाडे किती घ्यायचे आणि ते ठरवताना कुणाला विचारायचे? अमेरिकेतील स्की रिसॉर्टचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

तिथली सुमारे १२० स्की केंद्रे राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर आहेत. १९८६च्या कायद्याने त्यांना ४० वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. या जमिनीचे वाजवी बाजारमूल्य सरकारला मिळते याची खात्री नाही, असा ठपका संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने १९९३ साली ठेवला. त्यानंतर १९९६ साली संसदेने दरच कायद्यात लिहून टाकले. पहिल्या ३० लाख डॉलर उत्पन्नावर दीड टक्का, दीड कोटीपर्यंत अडीच, पाच कोटीपर्यंत पावणेतीन आणि त्यापुढे चार टक्के. हे टप्पे महागाईप्रमाणे वाढतात, दर मात्र तेच राहतात. मूळ टप्प्यांनी हिशेब केला, तर पाच कोटींच्या उत्पन्नावर शुल्क होते १३ लाख ७ हजार ५०० डॉलर. म्हणजे डॉलरमागे तीन सेंटही नाहीत!

शिवाय पायथ्याच्या खासगी जमिनीवरील हॉटेलची कमाई या हिशेबात येत नाही. गिऱ्हाईक येते ते जनतेच्या डोंगरासाठी, खोलीभाडे जाते मालकाच्या खिशात.

बर्फाचा भरवसा नाही, लहान केंद्रे बुडतील, असे यावर सांगितले जाते. मान्य. पण त्यासाठी दीड टक्क्याचा टप्पा आहेच. बड्यांना सवलत कशासाठी?

याहून गंभीर प्रश्न पैशांपलीकडचा आहे. ॲरिझोनातील सॅन फ्रान्सिस्को शिखरे नवाहो, होपी आणि इतर आदिवासी जमातींना पवित्र आहेत. तिथल्या स्नोबोल केंद्राला सांडपाणी शुद्ध करून कृत्रिम बर्फ पाडण्याची परवानगी वनसेवेने २००५ साली दिली. जमाती न्यायालयात गेल्या. २००७ साली अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००८ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरवला आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने दाद घेतली नाही.

शुल्काच्या सूत्रात लिफ्टच्या तिकिटाला जागा आहे, स्कीच्या शिकवणीला आहे. ज्यांच्या पूर्वजांचा तो डोंगर, त्यांच्यासाठी एकही रकाना नाही. दर बाजारभावाने ठरलाच पाहिजे. पण परवाना देण्याआधी त्या जमिनीशी जोडलेल्या माणसांची संमती घेतली जात नसेल, तर चार टक्के काय आणि चाळीस टक्के काय, तो न्याय ठरत नाही.