माजी सैनिकांचा सन्मान : एक वर्ग-उपक्रम

संकेश्वरच्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र आहे. याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीकाठी गोळीबारातून दोन जखमी सहकाऱ्यांना सुरक्षित स्थळी पोहोचविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग सांगून शिक्षकांनी मुलांना विचारावे, ‘जखमी सैनिकाचे पुढे काय होते?’

सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. त्याचा निधी शहिदांची कुटुंबे, जखमी व माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी असतो. त्या दिवशी गावातील माजी सैनिकाला वर्गात बोलवावे. घरची पत्रे, रजा, निवृत्तीनंतरचा रोजगार यांविषयीचे प्रश्न मुलांनी आधी लिहून काढावेत. ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न वगळावा. पाहुणे एखाद्या प्रश्नावर गप्प राहिले, तर त्या मौनाचा मान राखणे हाही सन्मानच होय.